सहाव्या गावची थंडी

घरी पाहुणे आले की पूलसाहेब त्यांना चहाबरोबर हिवाळे वाढायचे. पूलसाहेब म्हणजे तिचा नवरा. पुलांची तपासणी करणारा इंजिनियर, त्यामुळे दर चार-पाच वर्षांनी बदली ठरलेली. पाच गावं झाली होती आणि पाचही गावांच्या थंडीचे किस्से साहेबांच्या जिभेवर तयार असत.

त्या रविवारी त्यांच्या हाताखालचा धाकटा साहेब बायकोला घेऊन आला होता.

"तिसऱ्या गावी तर नळ गोठायचा," पूलसाहेब रंगात आले. "पहाटे उठून नळावर आधणाचं पाणी ओतायचं, तेव्हा कुठे थेंब पडायचा. काय मजा यायची!"

मजा! आत कपबशा लावताना तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाणी ओतायचं कोण? ही. पदराला धरून खोकणारी पोर, हातात किटली आणि हे महाशय रजईत घोरतायत. दुसऱ्या गावी खिडक्यांच्या फटींतून वारा यायचा, तेव्हा कणकेची खळ शिजवून वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या त्याही हिनंच. पहिल्या गावी तर पोरीची दुपटी चार-चार दिवस वाळायची नाहीत, ती गरम तव्यावर धरून हीच वाळवायची. साहेबांच्या कचेरीत मात्र प्रत्येक गावी शेगडी, आणि शेगडीला खेटून साहेबांची खुर्ची. पण किस्से ऐकावेत तर जिथे तिथे 'आम्ही'! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

"आता सहाव्या गावची थंडी बघायची," साहेब म्हणाले. "बढती मिळालीय. पुढच्या महिन्यात निघतो. डोंगरातलं गाव आहे, बर्फ पडतो म्हणे. हिला काय, सवयच आहे."

बदलीची बातमी तिला कळली ती अशी, हातात ट्रे घेऊन दारात उभी असताना.

"अभिनंदन हं, वहिनी!" धाकट्या साहेबाची बायको म्हणाली. चारचौघांत काय बोलणार? ती हसली.

या पाचव्या गावात तिला काम मिळालं होतं. लेकीचा फाटका शब्दकोश बांधायला ती गल्लीपलीकडच्या बाइंडिंगच्या कारखान्यात गेली आणि तिथली खळ पातळ आहे म्हणून म्हाताऱ्या मालकाला बोलून बसली. "मग तुम्हीच करून दाखवा," मालक म्हणाला. तिनं करून दाखवली, आणि तीन वर्षं ती तिथेच होती. ग्रंथालयांची जुनी, कणा मोडलेली पुस्तकं उसवायची, पानं सांधायची, पुन्हा शिवायची. मागच्याच आठवड्यात मालकानं किल्ल्या तिच्या हातात दिल्या होत्या. "माझे हात थरथरतात आता. दुरुस्तीचं टेबल तुमचं." चार गावं ती साहेबांची बायको होती. इथे पोस्टमनसुद्धा तिला बाइंडिंगवाल्या ताई म्हणायचा. जेवताना तिनं हे नवऱ्याला सांगितलं, तेव्हा त्यानं "वा!" म्हणून मीठ मागितलं होतं.

पाहुणे गेल्यावर ती समोर येऊन उभी राहिली. "मला विचारलंत?"

"अगं, बढती आहे. ती काय विचारायची गोष्ट आहे?"

"मी येणार नाही."

साहेब हसले. राग ओसरला की ही मुकाट्यानं सामान बांधते, असा सव्वीस वर्षांचा अनुभव होता.

सामान तिनं बांधलंच. एक ट्रंक. त्यांचे स्वेटर, त्यांची रजई, एक ताट, एक वाटी.

"आणि तुझं?"

"माझं टेबल इथे आहे."

साहेब तीन दिवस तोंड फुगवून बसले. मग लेकीला फोन लावला. तिनं आईची समजूत घालावी एवढीच अपेक्षा होती. "बाबा, आईचं बरोबर आहे," ती म्हणाली. शेवटी साहेब एकटे गेले.

पहिल्या आठवड्यात फोनवर बर्फाचं कौतुक झालं. तिसऱ्या आठवड्यात भरदुपारी फोन आला. ती टेबलाशी होती, पुठ्ठ्याला खळ लावून झाली होती आणि ती सुकत चालली होती.

"अगं, या खोलीत माणसानं राहायचं कसं? पाय गरमच होत नाहीत. सकाळी बोटं वळत नाहीत, शर्टाची बटणं लावता येत नाहीत. कपडे वाळत नाहीत. काय करू?"

जगात थंडी पहिल्यांदा यांनाच वाजत होती जणू! तिनं फोन खांद्याला दाबून पुठ्ठा तसाच चिकटवला. तो वाकडा बसला.

"एवढा त्रास होतो हे तू कधी बोलली नाहीस," साहेब म्हणाले.

"बोलले होते. प्रत्येक गावी बोलले. तुम्ही हसायचात."

आता हसतील म्हणून ती थांबली. साहेब हसले नाहीत.

"मग तू काय करायचीस?" त्यांनी हळूच विचारलं.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं होतं. तिला रडू आलं, आणि हे विचारायला यांचेच पाय गारठावे लागले म्हणून संतापही आला.

"कागद-पेन घ्या," ती खेकसली. "मी दोनदा सांगणार नाही."