दुसऱ्या कडव्यानंतरची उचकी

'दोन किनारे' हा अल्बम हाँगकाँगमध्ये घराघरांत वाजला. त्यातलं त्याच नावाचं गाणं अर्धं कँटोनीज, अर्धं इंग्रजी. कँटोनीज गाणारा लो गिन-फाय रातोरात मोठा झाला. इंग्रजी ओळी गाणाऱ्या बाईचं नाव मात्र कव्हरवर कुठेच नव्हतं.

"ती बाई मीच," असं बिक-हा सोळा वर्षं सांगत होती. गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा ती रेकॉर्ड कंपनीत फोन घ्यायची. ठरलेली गायिका आलीच नाही, म्हणून हिला माइकपुढे उभं केलं.

"हो गं बाई, आणि मी इंग्लंडची राणी!" सौ-लान म्हणायची, आणि क्वाई-फाँग खो खो हसायची.

दर मंगळवारी दुपारी सौ-लानकडे चौघींचा माजाँगचा, म्हणजे चिनी सोंगट्यांचा, डाव बसे. हरेल तिने खालच्या बेकरीतून अंड्याचे टार्ट आणायचे. ते बहुतेक बिक-हाच आणी. त्याचं तिला काही नव्हतं. पण जिवाभावाच्या मैत्रिणींनीच खोटारडी ठरवावं, हे तिला फार लागायचं.

त्या मंगळवारी चौथी भिडू तापाने पडली, म्हणून सौ-लानने नवऱ्याला बसवलं. त्याने जन्मभर मिनीबस चालवली, आणि बसमध्ये कॅसेट एकच, 'दोन किनारे'.

बिक-हाने सोंगटी उचलली आणि तिला उचकी लागली.

"अरेच्चा!" तो ओरडला. "ही तर दुसऱ्या कडव्यानंतरची उचकी! हजारदा ऐकलीय. अहो ताई, ती बाई तुम्हीच की!"

सौ-लानने टेबलाखालून त्याला लाथ हाणली, ती क्वाई-फाँगला बसली.

बिक-हाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने दोघींची तोंडं पाहिली. एकीलाही नवल वाटलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून," क्वाई-फाँग पाय चोळत पुटपुटली. "गाण्यातल्या उचकीवरूनच ओळखलं. हाती काही चांगलं लागलं की तुला उचकी येते. आम्ही लगेच सावध. तुझं खरं मानायचं म्हणजे उचकीचंही सांगावं लागलं असतं."

"आणि मग तू जिंकायला लागली असतीस," सौ-लान म्हणाली.

"सटव्यांनो!" बिक-हा कडाडली, पण तिला हसू आवरेना. सोळा वर्षं या दोघी तिला खरी मानत होत्या.

पुढच्या डावात तिच्या हाती नुसता कचरा आला. तिने खणखणीत उचकी दिली. दोघींनी घाबरून आपापले जमलेले डाव मोडले. डाव मिनीबसवाल्याने मारला, आणि हरलेली सौ-लान फणकारत टार्ट आणायला उठली.

"येताना एक पेन आण," बिक-हा म्हणाली. "भावजींच्या कॅसेटवर माझं नाव राहिलंय. तुझ्या हाताने लिही."