कागदोपत्री पहिलाच

मित्रांनो, मी एक जुना वाहन परवाना आहे. माझ्यावर एका तरुणाचा फोटो आहे. त्याचा भांग सरळ आहे आणि नजरही. पुढे तो ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर झाला. बावीस वर्षे मी त्याच्या खिशात, छातीला लागून राहिलो. शिकायला आलेल्या प्रत्येकाला मास्तर पहिल्या दिवशी मला दाखवीत आणि म्हणत, "बघा, एक ओरखडा नाही." प्लॅस्टिकच्या पाकिटात निजलेल्या वस्तूवर ओरखडा यावा तरी कसा, हे कोणी विचारले नाही.

त्या शाळेत एक रीत होती. चाचणीत पास होणाऱ्याने मास्तरांना बाटली द्यायची. मास्तर ती चाचणीच्या मैदानामागेच उघडत आणि मग गाडी घेऊन परतत. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या आसनापुढेही एक ब्रेक असतो. त्यावर पाय ठेवून आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका थांबवलेल्या माणसाला आपलीही चूक कोणीतरी थांबवीलच, असा भरवसा वाटू लागतो. अशा किती दुपारी मी त्या खिशात काढल्या, ते मला ठाऊक आहे. पण सरकारी कागदाला त्याच्यावर छापलेले तेवढेच बोलता येते.

एके दिवशी शिवणकाम करणारी एक बाई पास झाली. तिने बाटलीऐवजी स्वतः शिवलेला शर्ट दिला. बाटली दुसऱ्या कोणीतरी दिलीच. परतताना मास्तर चालवत होते आणि बाई शेजारी होती. झेब्रा पट्ट्यांवर एक म्हातारा काठी टेकत रस्ता ओलांडत होता. मास्तर बाईला गिअर कसा हलका टाकावा ते समजावीत राहिले. त्यांचा पाय हलला नाही. शिलाई मशीनला सरावलेला बाईचा पाय शेजारच्या ब्रेकवर पडला. गाडी काठीपासून वीतभर अंतरावर थांबली.

चौकातल्या पोलिसाने यंत्राची नळी पुढे केली.

"अहो, मी मास्तर आहे. तुमच्या साहेबांच्या मुलीला मीच शिकवलंय."

"चांगलं केलंत. आता फुंका."

मला जप्त करून खटल्याच्या कागदांना टाचण्यात आले. न्यायालयात मास्तर तोच नवा शर्ट घालून उभे राहिले आणि त्यांनी गुन्हा कबूल केला.

"पहिलाच गुन्हा?" न्यायाधीशांनी विचारले.

"पहिलाच, साहेब," वकील म्हणाले. "बावीस वर्षांत एक ओरखडा नाही."

दंड झाला. मी सहा महिन्यांसाठी निलंबित झालो. एक दिवस सुरक्षिततेच्या व्याख्यानाला बसण्याची सक्ती झाली आणि पुन्हा सापडल्यास कैद होईल, अशी समज मिळाली. त्या दालनात कोणीही खोटे बोलले नाही. कायदा सापडलेलेच मोजतो. न सापडलेल्या दुपारींना त्याच्याकडे रकाना नाही. व्याख्यानात टांगलेला तक्ता मास्तरांच्याच शाळेतून मागवला होता, असे कारकून हसत सांगत होता. मी तेव्हा त्याच्या कपाटात, रबरबँड लावलेल्या गठ्ठ्यात पडून होतो. त्या गठ्ठ्यात आम्ही सगळे पहिलेच होतो.

सहा महिने सरले. मास्तर मला घेऊन शाळेत परतले, तेव्हा दाराशी जुने विद्यार्थी जमले होते. अभिनंदन झाले. कोणीतरी बाटली आणली होती. ती मागच्या आसनावर ठेवण्यात आली. शिवणकाम करणारी बाई धाकट्या बहिणीचे नाव घालायला आली होती. मास्तर तिला म्हणाले, "चला, दोघींना वाटेत सोडतो."

तिने गाडीच्या काचेतून आत पाहिले आणि बहिणीचा अर्ज घडी करून पिशवीत ठेवला.

"नको मास्तर. आम्ही चालत जाऊ. तुमची गाडी पुढे जाईपर्यंत पट्ट्यांपाशी थांबू."

मित्रांनो, मला जपू नका. ज्यांचा जीव पणाला लावून मी दिला जातो, त्या पायी चालणाऱ्यांना जपा. दुसऱ्या गुन्ह्याला कायद्यात अधिक शिक्षा आहे. कायद्याला दुसऱ्या गुन्ह्यापर्यंत थांबता येते. काठी टेकत निघालेल्याला येत नाही.

मी पुन्हा खिशात आहे. मास्तरांनी मैदानामागे गाडी उभी केली आहे. आत्ताच झाकण फिरल्याचा आवाज झाला. शेजारचे आसन रिकामे आहे.