दोन बोटांनी आखूड

अहो, थांबा जरा! मी बोलतेय. जुन्या सायकलींच्या दुकानात दारापासून दुसरी, हिरवी, गळ्यात पुठ्ठ्याची पाटी लटकवलेली, तीच मी. सायकल कशी बोलते, हे विचारत बसू नका. काल एक लांब तंगड्यांचा माणूस विसार देऊन गेलाय आणि उद्या दुपारी तो मला नेणार आहे. त्याआधी कुणीतरी माझं ऐकायलाच हवं.

कारखान्यातून शेकड्यानं निघतात त्यांतली मी नव्हे. मला माप घेऊन बनवलंय, एका बाईंसाठी. शिलाई मशीन दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. मशीन अडलं की शिंप्यांचा पहिला निरोप बाईंना. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून घरोघर जायचं, तर सायकल हवीच. आणि बाजारातली एकही सायकल त्यांना होत नव्हती, कारण त्यांचा डावा पाय जन्मापासून आखूड होता.

ज्या मिस्त्रींनी मला घडवलं, त्यांनी बाईंना अनवाणी भिंतीला टेकून उभं केलं. उजवा पाय मोजला, डावा मोजला. डावा दोन बोटांनी कमी भरला, तो आकडा मिस्त्रींनी नुसता वहीत टिपला. शेवटी बाईच म्हणाल्या, "लोक म्हणतात, उंच टाचेचा बूट घाल. तो बूट मी पोचायच्या आधीच दवंडी पिटतो. मला नको."

"मग सायकललाच सांगू की," मिस्त्री म्हणाले. "बुटाची काय गरज?"

त्यांनी माझा डावा क्रँक, म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला असतं तो लोखंडी हात, दोन बोटं कापून आखूड केला. वरून काळा रंग दिला. "हे तुमच्यात आणि माझ्यात," म्हणाले. बाई बसल्या आणि पहिल्याच फेरीत अशा सुसाट सुटल्या की मिस्त्री हात वर करून ओरडत राहिले, "अहो, ब्रेक! ब्रेक!"

बावीस वर्षं आम्ही दोघी फिरलो. रस्त्यावर बाई लंगडत, माझ्यावर बसल्या की कुणाच्या बापाला ऐकत नसत. नवरा गेला, मुलगा शिकला, लग्न करून दूर राहायला गेला. बाई आपल्या एका खोलीत, आपल्या कमाईवर, ऐटीत. क्रँकचं गुपित मात्र त्यांनी पोटच्या मुलालासुद्धा कधी सांगितलं नाही. पायाचा विषय निघाला की त्या भाजीचे भाव काढत.

मग तीन महिन्यांपूर्वी बाई जिन्यात घसरल्या. डावी मांडी मोडली. मुलगा धावत आला, दवाखान्यात रात्रंदिवस बसला. तो वाईट नाही हो, आधीच सांगते. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, पाय थोडा आणखी आखडेल कदाचित. त्यानं तिथंच ठरवलं, आई आता एकटी राहायची नाही आणि सायकलवर तर मुळीच बसायची नाही.

आई खाटेवर असतानाच तो मला विकायला घेऊन निघाला. पहिल्या दुकानदारानं मला उलटी केली, चाकं फिरवली आणि तोंड वाकडं केलं. "डावा क्रँक चुकीचा बसवलाय कुणीतरी. मापाची सायकल म्हणजे दुसऱ्यासाठी शिवलेला कोट. त्यात हा असा दोष! भंगाराच्या वर एक पैसा नाही."

मुलाला वाईट वाटलं. आईची सायकल भंगारात? त्यानं पदरचे पैसे घालून नवा क्रँक बसवला, उजव्याच्या बरोबरीचा, आणि जुन्यासारखा काळा रंगवून घेतला. आखूड तुकडा तिथल्याच लोखंडाच्या ढिगात पडला. मी आतल्या आत किंचाळले. पण माझ्या किंचाळण्याला फार तर चेन कुरकुरली म्हणतात आणि तेल सोडतात. मग त्यानं मला या दुकानात चांगल्या भावाला विकलं.

बाई घरी आल्या तेव्हा मायलेकांचं कडाक्याचं भांडण झालं म्हणे. शेवटी ठरलं की आईनं दुकानात जाऊन माझ्यावर बसायचं. एक फेरी जमली तर मुलगा मला परत विकत घेऊन देईल. नाही जमली, तर आईनं खोली सोडायची, धंदा सोडायचा आणि मुलाकडे राहायला जायचं. वर पुन्हा तक्रार करायची नाही.

परवा सकाळी बाई आल्या. हातात काठी, चेहरा उतरलेला, पण मला पाहताच डोळे लकाकले. आणि मग सुरू झालं! आपल्याच सायकलचा भाव करत होत्या.

"चार हजार? अहो, सोन्याची आहे का? मागचा रिम बघा, ठेचलाय." तो त्यांनीच एका दगडावर ठेचला होता. "चेन सैल. ब्रेकचे रबर संपलेत. आणि मापाची सायकल, तुम्हाला गिऱ्हाईक कोण मिळणार?"

दुकानदार हसून म्हणाला, "बाई, तुम्हाला हिची कुंडलीच ठाऊक दिसतेय."

मुलगा म्हणाला, "आई, ऐक तरी, मी हिच्यावर खर्च करून–"

"तू मध्ये बोलू नकोस. बोललास की तो भाव चढवेल."

बिचारा दोन पावलं मागे सरला.

बाईंनी तीन हजारांवर आणलं. हँडल हलवून पाहिलं, स्पोक वाजवले, सीटच्या नळीवरची आपली खूण बोटानं चाचपली. सगळं तपासलं, फक्त डावं पायडल सोडून. चारचौघांत आपल्या डाव्या पायाकडे पाहायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. मी मनात आक्रोश करत होते, बाई, एकदा खाली बघा! आज तरी लाज सोडा!

त्या बसल्या. मुलानं सीट धरली. उजव्या पायानं त्यांनी जोर लावला, डावं पायडल वर आलं, पण पुन्हा खाली जाताना पायाखालून सुटलं आणि पाय बरोबर दोन बोटं वर हवेत लोंबकळला. पायडल पायाला लागेना. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा बाई कलल्या, मुलानं कमरेला मिठी घालून सावरलं. मीच त्यांना पाडलं हो! बावीस वर्षं जिला वाहिलं, तिला मी पाडलं.

दुकानदार म्हणाला, "सीट थोडी खाली घेऊ का?"

"नको," बाई म्हणाल्या. "सीट माझ्या खुणेवरच आहे. सायकल तीच आहे. मीच उरले नाही पहिल्यासारखी."

मुलाचे डोळे भरले. "जाऊ दे ना आई. चल घरी."

"डॉक्टर खरं बोलले रे. पाय आखडला माझा." एवढं बोलून त्यांनी माझ्या हँडलवरून हात फिरवला आणि दुकानदाराला म्हणाल्या, "तुमचा वेळ घेतला, माफ करा." मग लेकाच्या खांद्याला धरून पायऱ्या उतरल्या. खोली महिनाअखेर रिकामी करतो, असं मुलगा फोनवर कुणाला तरी सांगत होता.

त्यांनी हार मानली ती माझ्यावर विश्वास ठेवून. मी बदलू शकते, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

तुम्ही ऐकलंत ना? मग उठा. कुठल्याही शिंप्याला विचारा, मशीनवाल्या बाई कुठे राहतात, तो घर दाखवेल. मी उद्या त्या लांब तंगडीवाल्याकडे गेले तरी चालेल, दुसरी सायकल बनेल, दुसरा क्रँक कापता येईल. पण त्यांच्या दारात जा आणि एवढंच सांगा. बाई, तुमचा पाय आखडला नाही. होता तेवढाच आहे.