चाळीस मीटर वायर

दिवा मंद करणारा तिसरा डिमर जळाला तेव्हा दादा एवढंच म्हणाला, "बस झालं. रविवारी आईला माझ्याकडे घेऊन जातो." मोठा भाऊच तो, त्याच्या तोंडी कोण लागणार!

आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. लख्ख उजेड सोसेना आणि अंधारात पडायची धास्ती. मागच्या खोलीत मंद दिवा लागला, तरच ती इथे एकटी राहू शकणार होती. वीज गेली तरी दिवा चालावा म्हणून बाबांनी हयातीतच पुढच्या वर्कशॉपमधल्या बॅटरीपासून तिथवर चाळीस मीटर वायर टाकून ठेवलेली.

लेक बाबांच्याच हाताखाली तयार झालेली वायरमन. टेबलावर तिने बनवलेला डिमर झक्क चालायचा. खोलीत लावला की आधी लुकलुक, मग धूर.

टेबलावरची वायर वीतभर, तिथेच तर मेख होती! बाबा असं करत नसत. जागेवर जेवढी वायर लागणार तेवढी ते आधी घरभर पसरत, तिच्यावर डिमर चालवून बघत आणि मगच वीज साठवून धक्के झेलणारा कपॅसिटर केवढा घालायचा ते ठरवत. पोरांना दारापर्यंत उड्या मारत जावं लागे. आई करवादायची, "माणसांनी चालायचं कुठून?" लेकीलाही तेव्हा वैताग यायचा. आता त्याच पसाऱ्यासाठी तिचा जीव तुटत होता.

शनिवारी तिने कपॅसिटर दसपट मोठा घेतला आणि खोलीत नवा डिमर जोडायला बसली.

"ते कपॅसिटरचं डबडं कुठे लावलंस?" खाटेवरून आईने विचारलं.

"बॅटरीपाशी."

"अगं खुळे, विहिरीपाशी हंडा भरून ठेवला तर स्वयंपाक होतो का? हंडा चुलीशेजारी लागतो. जन्मभर तुझ्या बाबांना टॉर्च धरलाय मी!"

लेक ओशाळली. डिमर सेकंदात हजारदा वीज तोडतो-जोडतो. लांब वायरीतली वीज तितक्या चटकन थांबत नाही, तिचा धक्का डिमरलाच बसतो. तो झेलणारा कपॅसिटर डिमरच्या शेजारीच हवा. एवढं शिकून ती नेमकं हेच विसरली होती.

तिने कपॅसिटर खोलीत आणून डिमरला चिकटून जोडला. अर्धा तास दिवा चालू ठेवून बाबांसारखं डिमरला बोट लावून पाहिलं. गार होता.

दिवा न लुकलुकता मंद झाला. आईने काळा चष्मा काढला, सगळी खोली डोळे भरून पाहिली.

"दादाला फोन लाव," ती म्हणाली. "म्हणावं, रविवारी ये, पण जेवायला."