दोन बिघाड, एक इंजिन

ताईच्या गॅरेजची रीत ठरलेली: आधी कान, मग पाना. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. धाकटी बहीण लहानपणापासून हे कौतुकानं बघत आलेली. आज ताई दवाखान्यातल्या खाटेवर डोळे मिटून पडली होती, आणि कितीही हाका मारल्या तरी ओ देत नव्हती. तापानं फणफणली काय, मान आखडली काय, दुपारपर्यंत शुद्धच हरपली. मेंदूच्या आवरणाला सूज.

"पाठीतून काढलेल्या पाण्यात जंतू सापडलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अँटिबायोटिक चालू केलंय. सोबत एक विषाणूही दिसतोय."

झालं! भाऊजींनी नेमका तेवढाच शब्द उचलला. "विषाणू? मग अँटिबायोटिक कशाला टोचताय? विषाणूवर ते चालत नाही. बंद करा बघू!"

"भाऊजी," धाकटी म्हणाली, "स्कूटरमधलं पेट्रोल संपलं तरी तुम्ही ताईला हाक मारता. एकाच गाडीत दोन बिघाड निघाले की काय करते ती?"

भाऊजी म्हणाले, "इंजिन जाम करणारा आधी धरते."

"मग?"

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जिवावर उठलेत ते जंतू. विषाणू बहुधा आधीपासूनच अंगात झोपलेला, या धुमाकुळात जागा झाला असावा. त्याच्यावर नजर ठेवू. पण खरं सांगते, या सुजेत ऐकू येणं जातं कधीकधी; वाचल्या तरी कान राहतील याची खात्री नाही."

धाकटीला कानाशी धरलेली ती मूठ आठवली. कानाशिवाय ताई?

ताप हटायला वेळ लागला. एका सकाळी ताईचे ओठ हलले. धाकटी वाकली.

"पंखा..."

"वारा लागतोय का गं?"

"बेअरिंग गेलंय त्याचं. कुरकुरतोय मेला."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कानांशी चुटकी वाजवून पाहिली. उजवा गेला होता. डावा शाबूत.

भाऊजींनी डोळे पुसले. "एका कानावर भागेल का गं तुझं?"

"स्क्रूड्रायव्हरला मुठी तरी किती असतात?"

तेवढ्यात नर्स आली. धाकटी ताठ उभी राहिली. "सिस्टर, पंखा दुरुस्तीला सांगा."

"का? चांगला फिरतोय की!"

"माझ्या ताईनं सांगितलंय."