मागितलेली जागा

"या पृथ्वीवर जागेला कधीच तोटा नव्हता, तोटा हाय तो मागणाऱ्याचा," असं आश्रुबानं खुंटी ठोकता ठोकता जाहीर केलं. पुढचा घाव बसला तेव्हा खाली खडक लागला आणि खुंटी उभी चिरली. पृथ्वीनं उत्तर दिलं होतं. आश्रुबानं ते मनावर घेतलं नाही. त्यानं दुसरी खुंटी उचलली आणि वाघरीचं, म्हणजे मेंढरांभोवती लावायच्या जाळीचं, टोक हातभर अलीकडं ओढलं.

शिरूर कासारच्या अलीकडचा हा माळ शिवशंकररावांचा. माळाच्या कोपऱ्यात दोन खणांचं घर बांधण्यापुरती जागा आश्रुबानं त्यांना मागितली होती, त्यालाही आता मेंढरांच्या दोन पिढ्या उलटल्या. त्याच्या बायकोचे, साखराबाईचे, गुडघे गेले होते. कळपामागं चालणं तिला होत नव्हतं. शिवशंकरराव म्हणाले होते, "बघू की." ते अजून बघत होते. पुढारी माणूस. आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणाले नव्हते, आणि त्यांच्याकडं गेलेला माणूस कधी रिकाम्या हातानं परतत नसे. निदान चहाचा कप तरी हातात पडायचाच.

आज आष्टीहून साखराबाईच्या भावाचा, गहिनीनाथचा, फोन आला होता. लिंबाच्या बागेच्या कडेला, बोअरजवळ जागा आहे. बागेत मेंढरं बसवा, खत होईल, कडेला घर बांधा. पण दुसरं एक बिऱ्हाडही विचारून गेलंय. संध्याकाळपर्यंत काय ते सांगा.

"इकडून उत्तर आल्याबिगर तिकडं हो कसं म्हणू?" आश्रुबा म्हणाला. "मालक न्हाई कुठं म्हणलेत?"

साखराबाईनं भांड्यांचं गाठोडं सोडलं, थोडा वेळ त्याच्याकडं पाहिलं, आणि पुन्हा बांधलं.

त्यांची मुलगी ऋतुजा बाभळीखाली मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. बीडला कॉम्प्युटरचं शिकून ती पुण्याच्या एका कंपनीचं काम माळावरूनच करायची. विहिरीवरची मोटार लांबून चालू-बंद करणारा एक खोका कंपनी बनवत होती, आणि त्या खोक्याचं डोकं म्हणजे आतला प्रोग्राम; तो ऋतुजानं लिहिला होता. खोका उत्तम चालायचा. मग एकाएकी, कुणी काही बोललेलं नसताना, गप्प व्हायचा. नमुन्याचा एक खोका आत्ताही तिच्या पुढ्यात दगडावर होता, गप्प.

दुपार जड झाली होती. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. उन्हात माळ हलत होता आणि लांबचा डांबरी रस्ता जमिनीपासून वीतभर वर तरंगत होता. आपले डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे ऋतुजाला कळेना. तिला खोक्याच्या आतला माळ दिसू लागला: लहानसा, चौकटी आखलेला. एकेक कळप यायचा, जागा मागायचा, बसायचा. काम सरलं तरी उठायचा नाही. त्याला ऊठ म्हणायला कुणी यायचं नाही. नवे कळप धुळीसारखे, आवाज न करता येत राहिले. आणि शेवटचा कळप माळाच्या कडेवरून तसाच पुढं चालत गेला, जिथं जमीनच नव्हती. नुसत्या घंटा वाजत राहिल्या.

वाजत होता तो फोन. कंपनीतला तिचा वरिष्ठ, रामप्रसाद. मूळचा चौसाळ्याचा, त्यामुळं कशी आहेस वगैरेत वेळ घालवत नसे.

"सगळा प्रोग्राम वाचला तुझा. ठिकठिकाणी मेमरीत जागा मागितलीस. मिळाली का, ते एकदा तरी बघितलंस का?"

"मागितल्यावर मिळतीच की."

"कोण म्हणलं? जागा नसली की खोका तुला रिकामा पत्ता देतो, नुसता शून्य. भांडत न्हाई, वरडत न्हाई. आन् तू त्याच पत्त्यावर सामान उतरवायला जातीस. मरंल न्हाई तर काय करंल?" आणि वर म्हणाला, "काम झाल्यावर जागा सोडत पण न्हाईस. आमच्याकडचे पाहुणे बरे."

हे सगळं पुस्तकात होतं. परीक्षेत ते लिहून ऋतुजानं मार्कही मिळवले होते. पण प्रोग्राम लिहिताना हात आपोआप पुढं गेला होता. तिच्या घरात जागा मागायची रीत अशी, की बांधावर उभं राहून हाक द्यायची आणि समोरून शिवी आली नाही, तर मेंढरं आत घालायची.

प्रत्येक मागणीनंतर तिनं दोन ओळी घातल्या. पत्ता रिकामा असेल तर तिथंच थांब, तसं सांग, मागं फीर. काम सरल्यावर जागा मोकळी करायचीही व्यवस्था केली. खोक्याचा हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. ती बराच वेळ त्या दिव्याकडं पाहत बसली. मग तिनं मान वर केली. आश्रुबा तिसरी खुंटी शोधत होता.

तिनं लॅपटॉप मिटला आणि पायात चप्पल अडकवली.

शिवशंकरराव शेतातल्या बंगल्याच्या ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. तिला पाहताच त्यांनी आत चहा सांगितला.

"मालक, दादांनी जागा मागितलीवती. हाय का न्हाई?"

"बघू की. गडबड कावून?"

तिनं आष्टीचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मेंढरांच्या लशीचं विचारलं, साखराबाईच्या गुडघ्याचं विचारलं, तिच्या पगाराचंही विचारलं. चहा आला, संपला.

"बघू म्हंजी हाय, का न्हाई?"

शिवशंकररावांनी माळाकडं पाहिलं. उन्हं कलली होती. मेंढरांच्या धुळीत कमरेपर्यंत बुडालेला आश्रुबा घाव घालताना दिसत होता; घावाचा आवाज मागाहून येत होता.

"तितं पोराला पेट्रोल पंप टाकायचाय," ते हळूच म्हणाले. "पर तुजा बाप लई भला माणूस हाय, पोरी. भल्या माणसाला न्हाई कसं म्हणावं?"

"मी म्हणते. तुमी नुसती मान हलवा."

एक कावळा कपापाशी आला आणि परत गेला. मग मान हलली. इतकी थोडी, की माशी उडवली असंही म्हणता आलं असतं. ऋतुजानं तेवढी धरली आणि तिथूनच फोन लावला.

"दादा, मालक न्हाई म्हणले. मामाला हो म्हणा."

ओट्यावरून तिला तो दिसत होता. उभा होता, मग खाली बसला.

"सोता म्हणले?"

"सोता."

"असं." आणि थोड्या वेळानं, "बरं झालं, बाई. उगं त्यांच्या जिवाला घोर लावून ठिवलावता मी."

लांब माळावर वाघरीची एक बाजू खाली बसली, मग दुसरी. मेंढरं तशीच गोल उभी राहिली, जाळी अजून आहे असं धरून.

शिवशंकरराव हे सगळं बघत होते. जन्मातलं पहिलं 'न्हाई' तोंड न उघडता निघून गेलं होतं आणि आभाळ जागच्या जागी होतं.

"वाईट वाटलं का गं त्याला?"

"वाटलं. पर आता निघतील."

ते स्वतःशीच मान हलवत राहिले, नवी सवय लागल्यासारखे. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून मोबाईल काढून तिच्यापुढं धरला. रोज सकाळी लोक पाठवतात ती फुलं, उगवते सूर्य, समया आणि देव यांनी तो काठोकाठ भरून बंद पडायला आला होता.

"जरा बघती का? फोटू मातर कुणाचा पुसू नको, सगळे आपल्याच गटातले हायेत. नुसती जागा कर."