मैनाची सोयरीक आणि माझ्या तीन तारा

मी एक जुनी किंगरी आहे, मित्रांनो. सागाचे माझे अंग, त्यावर बकरीचे कातडे आणि घोड्याच्या केसांच्या तीन तारा. मला नत्थुजींनी घडवले. ते परधान, म्हणजे गोंडांचे पिढीजात गायक. गोंडांच्या कुळांची आणि देवांची गाणी ते माझ्या साथीने गोंडीत गात. ती कुठे लिहिलेली नव्हती.

मग कापसाला सोन्याचा भाव आला. डोंगरातली माणसे अमरावतीच्या बाजारात गाठी उचलायला आली, नत्थुजीही आले. इथे पोरे गोंडी बोलायला लाजू लागली. गायला कोणी बोलावेना. मी खुंटीवर धूळ खात राहिले.

एके दिवशी त्यांच्या मुलीने, पार्बताने, मला खाली काढले.

"बाबा, मले शिकवा."

"पोरीच्या हाती किंगरी कोनी पाह्यली नाई."

"आता पोरायच्या हाती तरी कुठं दिसून राहिली?"

नत्थुजी हसले आणि शिकवायला बसले. पार्बता मोठी चिवट. शब्दाचा अर्थ कळल्याशिवाय पुढची ओळ घेत नसे. तीन हिवाळे ती शिकली.

पुढे कापसाच्या धुळीने नत्थुजींचा आवाज गेला. कुजबुजणेही होईना. त्याच वर्षी शेजारच्या गोदाबाईच्या मैनाचे लग्न अडले. गोंडांत ज्यांच्या देवांची संख्या सारखी, ती कुळे भाऊ. त्यांच्यात सोयरीक होत नाही. मैनाचे देव सात. मुलाकडे मात्र आपले देव किती, हेच कोणाला आठवेना. जाणते म्हणाले, सोयरीक मोडा. मैनाने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही.

नत्थुजींनी मला उचलून पार्बताच्या हाती दिले.

सकाळी बैठक बसली. पार्बता एकेक कूळ गात गेली. दुपारी मुलाचे कूळ आले. देव सहा.

"पोरीचं कसं खरं धरावं?" एक जाणता म्हणाला.

तेवढ्यात मुलाची आजी पुढची ओळ गाऊ लागली. कित्येक वर्षांत ती गोंडीत बोलली नव्हती. मग पार्बताही तिच्यासोबत गाऊ लागली. दोघींचा शब्दन् शब्द जुळला.

"माही माय हेच गाणं म्हने," म्हातारी म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

मैनाचे लग्न झाले. पार्बताकडे चार मुले शिकायला येऊ लागली.

मित्रांनो, मला मखमलीत गुंडाळून ठेवलेत, तर माझे लाकूड तेवढे टिकेल. त्यापेक्षा जुने गाणे जाणणाऱ्यांपाशी जाऊन बसा. चाल शिका, अर्थ विचारा, आणि हे आजच करा. नत्थुजींचा आवाज गेला, तेव्हा त्यांचे एक गाणे पार्बताचे शिकायचे राहिले होते. त्याची चाल मला पाठ आहे. शब्द मात्र नत्थुजींबरोबर गेले.